शब्दांचा संग्राहक : जेम्स थॉमस मोल्सवर्थ

परकी भाषा शिकणाऱ्यास व्याकरणाचे नियम छळतात हें खरें. परंतु त्याहून अधिक छळतात ते शब्द. व्याकरणाला कोठें तरी शेवट असतो, शब्दांना तो नसतो. आज एक शब्द पाठ करावा, तों उद्यां तोच शब्द निराळ्या वेषानें पुढें उभा राहतो आणि ओळख देत नाहीं. आपल्या नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांस हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले, आणि १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच होतें. घरीं मराठी बोलणाऱ्या मुलास इंग्रजी शब्दाचा अर्थ शाळेंत उर्दूमधून मिळे आणि त्याचें मराठी त्यास स्वतःच्या मनाशीं करावें लागे. आज तो मधला मुक्काम उरलेला नाहीं. तरीहि इंग्रजी शब्दांच्या लांबलचक याद्या घोकणारे विद्यार्थी आपल्याकडे गांवोगांव दिसतात, आणि यादी तोंडपाठ असूनहि चार वाक्यें बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यांचें तोंड उघडत नाहीं. अशा विद्यार्थ्यांनीं मोल्सवर्थसाहेबांचें चरित्र अवश्य जाणून घ्यावें. ते जन्मानें इंग्रज होते. त्यांस इंग्रजी शिकावयाचें नव्हतें, मराठी शिकावयाचें होतें. परंतु परभाषेचा शब्दसंग्रह कसा करावा, याचा त्यांच्याइतका कसून अभ्यास फार थोड्यांनीं केला असेल. आणि त्यांच्या त्या अभ्यासांतूनच पुढें मराठी माणसास इंग्रजीचें दार उघडून देणारे ग्रंथ निर्माण झाले.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ सालीं झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यांतील सैन्यांत अधिकारी म्हणून १८१२ सालीं ते या देशांत आले, तेव्हां त्यांचें वय जेमतेम सोळा-सतरा वर्षांचें होतें. आजच्या हिशेबानें शाळेच्या शेवटच्या वर्गांत बसण्याचें तें वय. भोंवतालचीं माणसें, त्यांचे आचार, त्यांचें बोलणें, सर्वच त्यांस अपरिचित. हाताखालच्या शिपायांशीं नीट बोलतां यावें एवढ्यापुरती देशी भाषा शिकून थांबणारे अधिकारी त्या काळीं पुष्कळ होते. मोल्सवर्थ तेवढ्यावर थांबले नाहींत. कामापुरती भाषा आली म्हणजे भाषा आली, असें त्यांच्या मनानें कधीं मानलें नाहीं.

पुढें १८१८ सालीं पेशवाई संपली आणि महाराष्ट्राचा मोठा भाग कंपनीच्या अमलाखालीं आला. जमीनमहसूल, न्यायदान, शाळा या प्रत्येक कामीं मराठीचें अचूक ज्ञान अवश्य झालें. परंतु तें मिळविण्याचीं साधनें तोकडीं होतीं. बंगालमध्यें श्रीरामपूर येथें राहून विल्यम कॅरे यांनीं १८१० सालीं मराठीचा एक कोश छापला होता व त्यांत मराठी शब्द मोडी अक्षरांत दिले होते. १८२४ सालीं मुंबईस व्हान्स केनेडी यांचा कोश निघाला. या दोन्ही ग्रंथांनीं वाट पाडली. परंतु बाजारांत, शेतांत, चावडीवर व माजघरांत जी मराठी नित्य बोलली जात होती, तिचा विस्तार या ग्रंथांत मावण्यासारखा नव्हता.

मोल्सवर्थ यांचा मुक्काम सोलापूरच्या छावणींत असतां तेथें त्यांस थॉमस कँडी या समानशील अधिकाऱ्याचा सहवास लाभला. सोलापूर हें ठिकाण आपल्यास परकें नाहीं. तुळजापूर व नळदुर्ग तेथून जवळच आहेत आणि लातूरहि कांहीं फार लांब नाहीं. मराठी, कानडी व दख्खनी या तिन्ही भाषा तेथील बाजारांत एकमेकींच्या शेजारीं नांदत आल्या आहेत. अशा गांवीं या दोघां तरुणांनीं शब्द टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. त्यामागें आरंभीं ग्रंथकर्तृत्वाची आकांक्षा नव्हती. शिकणाऱ्यानें स्वतःसाठीं केलेला तो संग्रह होता. तोच वाढतां वाढतां एवढा झाला कीं, त्याचा रीतसर कोश करावा असा विचार पुढें आला व मुंबई सरकारनें त्या कामास आश्रय दिला. थॉमस यांचे बंधु जॉर्ज कँडी हेहि या कार्यांत सामील झाले.

परंतु एकट्या-दुकट्या परदेशी माणसाच्या आटोक्यांतलें हें काम नव्हे, हें मोल्सवर्थ यांनीं ओळखलें होतें. शब्द गोळा करणें, त्यांची छाननी करणें आणि त्यांचा खरा अर्थ ठरविणें या कामीं त्यांनीं येथील शास्त्रीपंडितांचें साहाय्य घेतलें. पुढें १८५४ सालीं नवनीत हा प्रसिद्ध काव्यसंग्रह संपादन करणारे परशुरामपंत गोडबोले हे त्या साहाय्यकांपैकीं एक होत. राज्य इंग्रजांचें होतें आणि अधिकार मोल्सवर्थ यांच्या हातीं होता. तथापि शब्दाच्या बाबतींत अधिकारी कोण आणि विद्यार्थी कोण, याविषयीं त्यांच्या मनांत संदेह नव्हता. ज्याची भाषा, तोच तिचा गुरु.

१८३१ सालीं मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तींत सुमारें ४०,००० शब्द होते. कोश उघडून पाहिला म्हणजे कर्त्याची दृष्टि ध्यानांत येते. प्रत्येक नामाचें लिंग दिलें आहे. शब्द संस्कृतांतून आला, फारशींतून आला कीं अरबींतून आला, याची खूण आहे. जमीन हा शब्द फारशी व वकील हा अरबी, हें मराठवाड्यांतील वाचकास सांगावें लागत नाहीं, पण अशी नोंद असली म्हणजे शब्दाचें गोत्र कळतें. एका शब्दाचे अनेक अर्थ असतील तर ते एकामागून एक वेगळे करून मांडले आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शब्दाभोंवतीं जमलेले वाक्प्रचार व म्हणी तेथेंच दिल्या आहेत. डोळा या एका शब्दाचें उदाहरण घ्या. त्याचा इंग्रजी प्रतिशब्द पाठ करण्यास क्षणभर पुरे. पण डोळा लागणें म्हणजे झोंप येणें, डोळे उघडणें म्हणजे शहाणपण येणें, हें त्या प्रतिशब्दांतून कसें कळावें? शब्द एकटा राहत नाहीं, तो कुटुंबवत्सल असतो, हें मोल्सवर्थ यांनीं जाणलें होतें.

मराठी-इंग्रजी कोश हा कार्याचा एक अर्धा भाग झाला. इंग्रजी शब्दास मराठी अर्थ देणारा दुसरा कोश अद्याप व्हावयाचा होता, आणि इंग्रजी शिकूं पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास खरी गरज होती ती याच कोशाची. मोल्सवर्थ यांनीं त्याची आंखणी केली व कामास आरंभहि केला. परंतु अनेक वर्षांच्या अविश्रांत श्रमानें त्यांची प्रकृति खालावली होती. काम अर्ध्यावर टाकून १८३६ सालीं त्यांस इंग्लंडला परत जावें लागलें. ज्या माणसानें उभें तारुण्य शब्द वेंचण्यांत घालविलें, त्यास हा वियोग किती जड गेला असेल याची कल्पना कोणासहि करतां येईल. सुदैवानें कार्य अनाथ झालें नाहीं. सोलापूरचे जुने सोबती थॉमस कँडी यांनीं तें पुढें चालविलें आणि १८४७ सालीं इंग्रजी-मराठी कोश पूर्ण करून प्रसिद्ध केला. ग्रंथाची योजना व आरंभ मोल्सवर्थ यांचा आणि पूर्तता आपली, असें त्यांनीं मुखपृष्ठावरच नमूद केलें.

मोल्सवर्थ यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा प्रसंग यापुढचा आहे. १८५१ सालीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, ते पुनः या देशांत आले. कशासाठीं? एखादा नवा ग्रंथ लिहून नवी कीर्ति मिळविण्यासाठीं नव्हे, तर वीस वर्षांपूर्वीं छापलेला आपलाच कोश पहिल्या अक्षरापासून पुनः तपासण्यासाठीं! ज्या ग्रंथाचा सर्वत्र गौरव झाला होता, तो त्यांच्या स्वतःच्या दृष्टीनें अपुरा होता. महाबळेश्वरच्या थंड हवेंत राहून त्यांनीं सहा वर्षें हें काम केलें. जुने अर्थ पारखले, नवे शब्द घातले, आणि १८५७ सालीं दुसरी आवृत्ति मुंबईस छापून निघाली, तेव्हां शब्दांची संख्या सुमारें ६०,००० झाली होती. पहिल्या आवृत्तीहून वीस हजार अधिक! त्याच वर्षीं उत्तर हिंदुस्थानांत मोठा उठाव झाला, तरवारी चालल्या, राज्यें हाललीं. त्या रणधुमाळीचा इतिहास आपण शाळेंत वाचतों. त्याच वर्षीं एक म्हातारा सेवक मराठीच्या शब्दांचें भांडार पुनः मांडून तिच्या हवालीं करीत होता, ही गोष्ट मात्र आपण विसरतों.

या कोशाचें फळ कोणाच्या पदरांत पडलें तें पाहण्यासारखें आहे. ज्या १८३१ सालीं पहिली आवृत्ति निघाली, त्याच सालीं बेळगांवास बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. ते मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकले, आणि १८५७ सालीं, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्याच वर्षीं, त्यांनीं यमुनापर्यटन हें पुस्तक लिहिलें. पुढें १८६३ सालीं त्यांनींच मोल्सवर्थ यांच्या विशाल कोशाचा संक्षेप तयार करून प्रसिद्ध केला. परदेशी विद्यार्थ्यानें मराठी शिकतां शिकतां जें जमविलें, तें एका मराठी विद्यार्थ्यानें इंग्रजी शिकून आपल्या बांधवांसाठीं आटोपशीर करून दिलें. विद्येचें ऋण असें फिटतें.

आतां या चरित्रांतून इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें काय घ्यावें? पहिली गोष्ट ही कीं, एका शब्दास एक अर्थ, ही समजूत सोडून द्यावी. शेतांतली साळ, पोत्यांतला तांदूळ आणि ताटांतला भात या तिहींस इंग्रज एकच शब्द योजतो : राइस. काका आणि मामा दोघेहि त्याचे अंकलच. उलट आपल्या एका पाहणें या क्रियापदासाठीं तो सी, लुक आणि वॉच असे तीन शब्द वापरतो आणि त्यांची अदलाबदल खपवून घेत नाहीं. आपल्याकडचा ज्वारीचा हुरडा घ्या. त्यास इंग्रजींत एका शब्दाचा पर्यायच नाहीं, तेथें कोशकारास देखील वाक्य लिहावें लागतें. म्हणून शब्द टिपतांना केवळ अर्थ टिपूं नये, वाक्य टिपावें. गृहपाठाबरोबर डू येतें आणि चुकीबरोबर मेक येतें. आपण मात्र दोन्ही ठिकाणीं करणें म्हणतों. हा भेद यादींत सांपडत नाहीं, वाक्यांतच सांपडतो.

दुसरी गोष्ट, विचारण्याची लाज बाळगूं नये. हुकूम सोडण्यास शिकलेला अधिकारी शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठीं पंडितापुढें विद्यार्थी होऊन बसला. खेड्यांतून आलेला विद्यार्थी चुकीच्या भयानें वर्गांत गप्प राहतो आणि न विचारलेला शब्द त्यास जन्मभर अनोळखी राहतो. तिसरी गोष्ट, जुनी वही फेंकून देऊं नये. मागील वर्षीं टिपलेला शब्द यंदा पुनः भेटला म्हणजे त्याचा नवा अर्थ त्याच पानावर लिहावा. मोल्सवर्थ यांनीं वीस वर्षांनीं केलें तें हेंच.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्यास आपल्या भाषेंतील कणीस, कडबा, धाट, हुरडा हे भेद ठाऊक नाहींत, त्याच्याजवळ परक्या शब्दास ठेवावयास जागाच नसते. मातृभाषेचा शब्द हा खुंटीसारखा आहे. खुंटी नसेल तर वस्त्र टांगावें कोठें? मराठी विसरून इंग्रजी येईल असें जे समजतात, त्यांस ना ही येते ना ती. मोल्सवर्थ यांनीं आपलें इंग्रजी पूर्ण ठेवूनच मराठी आत्मसात केली, म्हणूनच दोन्ही भाषांस त्यांचा उपयोग झाला.

दुसरी आवृत्ति पुरी झाल्यावर मोल्सवर्थ स्वदेशीं परतले आणि १८७१ सालीं तेथेंच निवर्तले. पुढें १९३२ ते १९३८ या काळांत दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात विभागांत निघाला; तरी जुना कोश मागें पडला नाहीं. १९७५ सालीं पुण्यास त्याचें पुनर्मुद्रण झालें, आणि आतां तर शिकागो विद्यापीठाच्या संग्रहांतून तो संगणकावर कोणासहि विनामूल्य पाहतां येतो. नांदेडच्या एखाद्या वसतिगृहांत किंवा लातूरच्या एखाद्या अभ्यासिकेंत बसलेला विद्यार्थी हातांतल्या यंत्रावर त्याचीं पानें क्षणांत उघडूं शकतो. ज्या शब्दांसाठीं त्या तरुण अधिकाऱ्यास माणसांमागून माणसें धुंडावीं लागलीं, ते आज आपल्या बोटांवर आले आहेत. साधन सुलभ झालें. साधना मात्र अद्याप ज्याची त्यासच करावी लागते. विद्यार्थिमित्रहो, आजच एक कोरी वही घ्या, आणि पहिल्या पानावर पहिला शब्द त्याच्या वाक्यासह लिहून काढा.