रँग्लर परांजपे

कोकणात दापोलीजवळ मुर्डी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म झाला. त्यांची तल्लख बुद्धी त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे यांनी हेरली. पुढे महर्षी म्हणून विख्यात झालेले कर्वे स्वतः गणिताचे अध्यापक होते. त्यांनी रघुनाथरावांना मुंबईस आपल्याजवळ ठेवून घेतले व त्यांच्या शिक्षणाकडे जातीने लक्ष पुरविले.

शालेय शिक्षण संपवून रघुनाथराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने हे महाविद्यालय १८८५ मध्ये काढले होते. या संस्थेचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षे अध्यापन करण्याचे व्रत घेत असत. १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळवून रघुनाथराव इंग्लंडला गेले. परंतु जाण्यापूर्वीच त्यांनी हे व्रत स्वीकारले होते.

केंब्रिज विद्यापीठाची गणिताची परीक्षा त्या काळी मोठी कठीण समजली जाई. तीत पहिल्या वर्गात येणाऱ्यास ‘रँग्लर’ आणि सर्वांत पहिला येणाऱ्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. १८९९ मध्ये बर्टविसल नावाच्या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने रघुनाथरावांनी हा मान मिळविला. तो मिळविणारे ते पहिलेच भारतीय होत. देशभर आनंदीआनंद झाला.

आता त्यांना मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळाली असती. कीर्ती आणि संपत्ती हात जोडून उभ्या होत्या. तथापि दिलेला शब्द मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते मायदेशी परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. पुढील सुमारे दोन दशके त्यांनी तेथे कारभार सांभाळला आणि विद्यार्थ्यांना गणितही शिकविले.

कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू परांजपे झाले. ज्यांनी आपल्याला शिकविले, त्यांच्या कार्याला त्यांनी असा हातभार लावला. पुढे ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. लखनौ व पुणे या विद्यापीठांचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. १९६६ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कारकिर्दीत फर्ग्युसनमध्ये शिकलेले सातारचे गणेश सखाराम महाजनी हेही पुढे केंब्रिजला जाऊन रँग्लर झाले आणि परत येऊन त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. परांजप्यांनी पाळलेला शब्द असा पुढच्या पिढीत फळास आला.