स्वतः कधीच चालू शकली नाही, पण तिच्या टेडी बिअरनं अख्खं गाव पायावर उभं केलं

टेडी बिअर म्हणलं की व्हॅलेंटाईन वीक आठवतो. पण हा टेडी ज्या गावानं जगभर पोहोचवला, त्या गावाचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं. ते आहे जर्मनीतलं गींगेन.

ब्रेन्त्स नदीकाठचं हे छोटं गाव १६३४ साली युद्धात जळून खाक झालं आणि पुन्हा उभं राहिलं. इथंच २४ जुलै १८४७ ला मार्गारेटे श्टाइफचा जन्म झाला.

दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय गेले, उजवा हातही धड चालेना. भावंडं आणि शेजारची पोरं तिला हातगाडीत बसवून शाळेत न्यायची. आपल्यानंतर हिचं कसं होणार, हा घोर आईवडिलांना लागलेला.

मार्गारेटेनं मात्र शिवणकाम शिकायचा हट्ट धरला. उजव्या हातानं मशीनचं चाक फिरेना, तर तिनं मशीनच उलटं वळवलं आणि डाव्या हातानं फिरवलं.

गावात फेल्टचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा कारखाना होता. त्याच कापडाचे कपडे विकायला तिनं १८७७ मध्ये दुकान टाकलं. पुढं मासिकातला नमुना बघून टाचण्या टोचायला फेल्टचा हत्ती शिवला. बायकांनी तो टाचण्यांसाठी नेला, पण पोरांनी खेळायला पळवला. तिनं हे बरोबर हेरलं आणि खेळण्यांचा धंदा सुरू झाला.

१९०२ मध्ये तिचा पुतण्या रिचर्डनं हातपाय हलणारं अस्वल बनवलं. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्यानं थेट ३,००० अस्वलांची ऑर्डर दिली. तिकडं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिल्याचा किस्सा गाजत होता. त्यांच्या टोपणनावावरून अस्वलाचं 'टेडी' असं बारसं झालं. अमेरिकेतही तेव्हाच अशी अस्वलं बनू लागली होती, त्यामुळं पहिला टेडी कुणाचा हा वाद आजही आहे.

नकला वाढल्यावर १९०४ पासून श्टाइफच्या खेळण्यांच्या कानात बटण आलं. १९०७ या एका वर्षात ९ लाख ७४ हजार अस्वलं तयार झाली. कारखान्यात ४०० माणसं होती आणि आणखी १,८०० जण घरी बसून काम करत होते.

९ मे १९०९ ला, वयाच्या ६१ व्या वर्षी मार्गारेटे गेली. जिच्या पोटापाण्याची घरच्यांना चिंता होती, तिच्या जिवावर तेव्हा दोन हजारांवर लोकांच्या चुली पेटत होत्या.