मांडवीतल्या डॉक्टरांचं निदान

ठाकूरद्वारच्या नाक्यावरून चिराबाजाराकडे चालायला लागलं आणि प्रिन्सेस स्ट्रीट ओलांडला, की पंधरा मिनिटांत धोबीतलाव येतं. तिथे मेट्रो सिनेमासमोर एक पुतळा आहे. मी लहानपणापासून त्याच्यासमोरून जातोय. वडिलांचं बोट धरून सिनेमाला जाताना तो पाहिला, पुढे मेडिकलला असताना रोज पाहिला, पण तो कुणाचा हे वाचायला मी थांबलो ते थेट १९९४ साली. त्या वर्षी सुरतेत प्लेग आला होता. मी नुकताच डॉक्टर झालो होतो. सुरतेहून येणाऱ्या गाड्यांतून ताप घेऊन उतरलेला प्रत्येक माणूस आमच्याकडे पाठवला जायचा आणि गिरगावातल्या औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं होतं. एका रात्रपाळीनंतर घरी येताना मी पुतळ्यापाशी उभा राहिलो. डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस. मुंबईतला प्लेग सर्वांत आधी ओळखणारे डॉक्टर.

व्हिएगस मूळचे गोव्याचे, बार्देशातल्या हडफड्याचे. जन्म १ एप्रिल १८५६. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १८८० साली ते डॉक्टर झाले आणि त्यांनी मांडवीत दवाखाना टाकला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची पेठ. खाली गोदामं, वर खोल्या, खोल्यांत माणसं आणि गोदामांत पोत्यांवर पोसलेले उंदीर. मोठं नाव कमवायचं असलेला डॉक्टर तेव्हा फोर्टात बसायचा, मांडवीत नव्हे. पण पेठेतल्या दवाखान्याचा एक फायदा असतो. एकाच गल्लीतली माणसं वर्षानुवर्षं येत राहतात. नेहमीचा हिवताप कसा दिसतो, पावसाळ्यानंतरची हगवण कशी असते हे बोटांना पाठ होतं, आणि म्हणूनच वेगळं काही आलं की ते चटकन खटकतं.

१८८८ साली ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले. हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगं आहे. मुंबईचा महापालिका कायदा त्याच वर्षीचा आणि आजही आपल्या शहराचा कारभार त्याच कायद्याच्या आधारे चालतो. तेव्हा सभागृहात ७२ सदस्य होते, त्यातले वॉर्डांतून निवडून आलेले निम्मेच, म्हणजे ३६. मत देण्याचा हक्क मालमत्ता असलेल्यांना. ज्यांच्या खोलीत ना खिडकी होती ना मोरीला उतार, त्या भाडेकरूंना मत नव्हतं. त्यांची बाजू सभागृहात पोहोचायची ती एखाद्या डॉक्टरमार्फत, तीही पोहोचली तर.

सप्टेंबर १८९६. मांडवीत अचानक ताप चढून तीन-चार दिवसांत माणसं मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ, हात लावू न देणारी. डोळे लाल, जीभ पांढरी, बोलणं बरळल्यासारखं, चाल दारू प्यायल्यासारखी. आज पुस्तक उघडलं की हे वर्णन एका परिच्छेदात मिळतं. तेव्हा मुंबईत प्लेग पाहिलेला डॉक्टर जवळपास नव्हताच. जांघेतली गाठ म्हटली की डोळ्यांसमोर येणार गुप्तरोग, नाहीतर हत्तीरोग, नाहीतर पायाच्या जखमेमुळे आलेलं अवधाण. बाकी सगळं मलेरियाच्या खात्यात. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत येरसँ आणि कितासातो यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता. हाँगकाँगची जहाजं मुंबई बंदरात नित्य येत होती आणि मांडवी त्या बंदराच्या दारात होती. व्हिएगसांनी हे धागे जुळवले.

निदान करणं हा एक भाग झाला. डॉक्टर म्हणून मला त्यांच्या पुढच्या पावलाचं जास्त कौतुक वाटतं. २३ सप्टेंबर १८९६ रोजी ते स्थायी समितीच्या बैठकीत उभे राहिले आणि मांडवीत ग्रंथिक ज्वर, म्हणजेच प्लेग, आल्याचं त्यांनी उघडपणे सांगितलं. त्या एका शब्दाची किंमत काय होती ते पाहा. प्लेग म्हटलं की जगभरची बंदरं मुंबईच्या जहाजांना अडवणार, कापूस आणि धान्य गोदीत पडून राहणार, पेढ्या बसणार. व्हिएगसांचे रोगी आणि मतदार याच पेठेतले. महापालिकेच्या आरोग्य खात्याचा सूर सावध होता: संशयास्पद ताप आहे, चौकशी चालू आहे. असा सूर मी सरकारी कागदांवर किती वेळा वाचला आहे! अर्थात निदान चुकलं असतं, तर व्हिएगस शहराचे खलनायक ठरले असते, हेही खरं. पुढे तज्ज्ञांकडून तपासणी झाली, जंतू दिसला आणि मांडवीतल्या डॉक्टरांचं निदान बरोबर निघालं.

इथे थोडं थांबून आजचं एक सांगतो. मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ मुंबई महापालिकेत निवडून आलेली स्थायी समितीच नव्हती. प्रशासक होते, त्यांनी कामंही केली. पण त्या काळात एखाद्या गल्लीतल्या डॉक्टरला काही खटकलं असतं, तर ते जाहीरपणे, नोंद होईल अशा जागी त्याने कुठे सांगायचं होतं?

पुढचे महिने शहराला भोवले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आयुक्त स्नो यांनी सक्तीचा हुकूम काढला. रोग्याला घरातून उचलून आर्थर रोड हॉस्पिटलात न्यायचं, म्हणजे आजच्या कस्तुरबात. बायका परक्या पुरुषांच्या हाती, जातीबाहेरचं अन्न, आणि गेलेला माणूस बहुधा परत न येणं. या सगळ्याचा स्फोट २९ ऑक्टोबरला झाला. गिरणी कामगारांचा जमाव हॉस्पिटलवर चालून गेला. लगेच सक्ती सैल करावी लागली. तोवर लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली होती. १८९७ उजाडल्यावर जवळजवळ निम्मी मुंबई कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेली होती, आणि काही जण गाठ घेऊनच गेले. १८९१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८ लाख २१ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार भरली. माझी आजी ठाकूरद्वारच्या चाळीत सून म्हणून आली ती बऱ्याच नंतर, पण तिच्या सासूबाईंनी तिला गाठीच्या वर्षाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मजल्यावर दोनच बिऱ्हाडं उरली होती आणि सोनापूरचा धूर दुपारीही दिसायचा, असं ती सांगायची.

महापालिका तेव्हा झोपली नव्हती. तिने मोठा खर्च करून गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली, घरांना चुना फासला, कौलं काढून खोल्यांत ऊन सोडलं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर खुणा रंगवल्या. पण रोग घाणीच्या वाफेतून येतो ही समजूत पक्की होती. गटार पाण्याने भरलं की त्यातले उंदीर कुठे जातील, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते हे सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं, तर त्याला बरेच जण हसले. ते पक्कं ठरलं १९०५ नंतर, परळच्या प्रयोगशाळेतून काम करणाऱ्या प्लेग कमिशनमुळे. त्यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. बारीक जाळीच्या पिंजऱ्यातले वाचले, उघड्या पिंजऱ्यातले मेले. हवा, वास, घाण दोघांनाही सारखीच होती. फरक फक्त पिसू आत शिरण्याचा होता.

व्हिएगसांना हे सगळं १८९६ मध्ये कळणं शक्य नव्हतं. पण उंदीर मारा आणि कोंदट वस्त्या साफ करा, हे त्यांनी तेव्हाच धरून ठेवलं होतं. कारण पूर्ण कळायच्या आधी उपाय बरोबर सापडतो, असं वैद्यकात कधीकधी घडतं.

हाफकिन ऑक्टोबरमध्येच मुंबईत आले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस आली तरी लोकांनी दंड पुढे करायला हवा ना. लशीने माणूस नपुंसक होतो, धर्म बाटतो, अशा अफवा होत्याच. व्हिएगसांनी जवळजवळ १८ हजार लोकांना स्वतः लस टोचली असं त्यांच्या चरित्रात नोंदलेलं आहे. आकडा क्षणभर बाजूला ठेवू. करोनात आमच्या केंद्रावर दिवसाला दोनशे जणांना लस देताना दुपारपर्यंत खांदे भरून यायचे, तेही तयार सिरिंज आणि नर्सताई सोबत असताना. व्हिएगस काचेची पिचकारी उकळून घेत होते. आणि ज्याला सरकारी माणूस दारात नको होता, तो नेहमीच्या डॉक्टरांपुढे बाही वर करत होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. २०२० मध्ये आपण ज्याखाली घरात बसलो, तोच हा. मार्चमध्ये मुंबईतलं प्लेगचं काम महापालिकेकडून काढून जनरल गॅटकर यांच्या समितीकडे देण्यात आलं. त्याच महिन्यात पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये तिथेच रँडवर गोळी झाडली गेली. मुंबईत १८९८ च्या मार्चमध्ये दंगल उसळली. शेवटी सरकारला वळावं लागलं ते लोकांची मदत घेण्याकडे: जातीजातींची इस्पितळं, वस्तीतले डॉक्टर, मोहल्ल्यातले पुढारी.

१८९८ मध्येच शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. ठाकूरद्वारकरांच्या रोजच्या वाटा या ट्रस्टने आखल्या आहेत. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून घरं पाडून काढलेले. आज आपण तिथे टॅक्सी शोधतो. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतीही ट्रस्टच्याच. खोलीत पुरेसा उजेड यावा म्हणून समोरची इमारत किती उंच आणि किती लांब असावी, याचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम ट्रस्टने घालून दिला. ट्रस्टने बांधण्यापेक्षा पाडलं जास्त, ही तक्रारही तेवढीच खरी. बेघर झालेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीवाटीने शिरली. पण उजेडाचा तो कोन मला अजून आठवावा लागतो. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींमध्ये खालच्या मजल्यांवर ऊन-वारा नाही आणि तिथे क्षयरोग जास्त आहे, असं काही वर्षांपूर्वी एका अभ्यासात दिसलं. त्या इमारतींना परवानगी देणाऱ्यांच्या टेबलावर साडेत्रेसष्ट अंशांचा कागद नव्हता. माझ्या ओपीडीत क्षयाचा रुग्ण आला की मी मजला विचारतो. पूर्वी विचारत नसे.

१९०६ मध्ये व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत महापौर. त्या पदावर बसलेले ते पहिले देशी ख्रिस्ती. प्लेग तोवर शहरातून गेला नव्हता, दर हिवाळ्यात डोकं वर काढत होता.

१९३३ मध्ये व्हिएगस वारले. त्याच वर्षी सुधारणा ट्रस्टही महापालिकेत विलीन झाला, म्हणजे घरं, रस्ते आणि आरोग्य पुन्हा एका छपराखाली आले. प्लेगवर खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, त्यानंतर दशकभराने सापडलं. व्हिएगसांनी आपल्या रोग्यांच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री त्या औषधाशिवायच्या होत्या.

गेल्या आठवड्यात ठाकूरद्वारहून धोबीतलावला चालत गेलो. पुतळ्यामागच्या इमारतीच्या तळमजल्यावर धान्याची पोती उतरत होती, आणि हमालाने पोतं टाकताच खालून एक घूस पळाली.