सर हरिसिंग गौर आणि बायकांची सनद

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ते संतांचे, एखाद्या राणीचे किंवा समाजसेविकेचे असते. यंदा मी एका वकिलाचे चरित्र लिहिणार असे सांगताच आमच्या भजनी वर्गात हशा पिकला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग वकिलाचे गुण काय गायचे, असा एकीचा सवाल. सवाल रास्त आहे. पण काळा झगा घालून ती पायरी चढायची बाईला एके काळी मुळी मनाईच होती, आणि ती मनाई उठवणाऱ्यांत आपल्या नागपूरचा एक वकील पुढे होता, हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. ते वकील म्हणजे डॉक्टर सर हरिसिंग गौर.

त्यांचा जन्म 26 नोव्हेंबर 1870 रोजी सागर येथे झाला. घरची स्थिती गरिबीची. पुढील शिक्षणासाठी ते नागपूरला आले आणि 1883 साली निघालेल्या हिस्लॉप कॉलेजात शिकले. तेथून विलायतेस केंब्रिजला गेले, बॅरिस्टर झाले आणि 1892 साली मायदेशी परतले. थोडे दिवस सरकारी नोकरी केली. पण हुकूम पाळण्यापेक्षा वाद घालण्याचीच त्यांची प्रकृती असावी, कारण लवकरच नोकरी सोडून त्यांनी वकिली धरली. रायपूरला आणि मग नागपूरला त्यांनी नाव काढले.

त्या वेळी नागपुरात उच्च न्यायालय नव्हते. ते 1936 साली आले. तोवर मध्य प्रांताचे मोठे खटले ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात चालत. दिवसा कोर्ट आणि रात्री लेखन असा या गृहस्थांचा क्रम असला पाहिजे. एरवी इतके जाडजूड ग्रंथ हातून होते ना. मिळकतीच्या हस्तांतराच्या कायद्यावर एक, 1909 साली दंडविधानावर एक, 1919 साली हिंदू कायद्यावर एक. असे ग्रंथ लिहिणाऱ्याला कायद्यातला एकेक शब्द कसा माणसाला तारतो वा मारतो हे नेमके कळते. 1918 ते 1922 या काळात ते नागपूर म्युनिसिपालिटीचे अध्यक्षही होते.

आता येथे एका बाईची गोष्ट मध्येच सांगते, कारण तिच्यावाचून पुढचे उमगणार नाही. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 साली आपल्या नाशिकचा. गौर केंब्रिजला शिकत असतानाच त्या ऑक्सफर्डला कायदा शिकत होत्या. 1892 साली त्यांनी तेथली कायद्याची मोठी परीक्षा दिली. म्हणजे दोघांची विद्या एकाच सुमारास पुरी झाली. हरिसिंग परत आले आणि वकील झाले. कॉर्नेलियाबाई परत आल्या, तर त्यांना सनद देईना कोणी. परीक्षेची पदवीसुद्धा हातात पडायला 1922 साल उजाडले, कारण 1920 सालापर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नसे. कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सल्लागार म्हणून पडद्यातल्या विधवांच्या आणि अज्ञान मुलांच्या मिळकती सांभाळण्याचे काम त्यांनी केले. कोर्टात वकील म्हणून हक्काने उभे राहायला मात्र तीस वर्षे लागली.

अडचण कसली होती? कायद्यात बायकांना बंदी आहे असे कोठे लिहिलेले नव्हते. कायद्यातला पुल्लिंगी शब्द स्त्रीलाही लागू धरावा, असा सर्वसाधारण नियमही होता. तरी 1916 साली रेजिना गुहा या बाईंनी सनद मागितली, तेव्हा कलकत्त्याच्या पाच न्यायाधीशांनी ती नाकारली. वकिलांच्या कायद्यात बाई अभिप्रेतच नव्हती, असा अर्थ त्यांनी लावला. 1921 साली सुधांशुबाला हाजरा यांना पाटण्यात तेच उत्तर मिळाले. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र कॉर्नेलियाबाईंचे नाव दाखल करून घेतले! प्रयागला बाई वकील होऊ शकते आणि पाटण्याला होऊ शकत नाही, असा हा न्याय.

गौर तेव्हा दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात होते. तेथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि 1923 साली कायदा झाला. केवळ स्त्री आहे एवढ्याच कारणावरून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. चार ओळींचा मजकूर; पण न्यायाधीशांनी आपापल्या मर्जीने अर्थ लावण्याची वाट तेथे बंद झाली. मुंबईला मिठन टाटा बॅरिस्टर होऊन उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या त्या यानंतरच.

त्याच 1923 सालचा त्यांचा दुसरा कायदा नोंदणी विवाहाचा. हा आपल्या घरांशी जास्त जवळचा, म्हणून जरा सविस्तर सांगते. 1872 पासून असा विवाह करता येत असे, पण आपण हिंदू नाही, अमुक नाही, तमुक नाही, असे दोघांना लिहून द्यावे लागे. दोन हिंदू जातींतल्या मुलामुलींनी लग्न करायचे तर आधी स्वतःचा धर्म नाकारायचा! गौरांनी ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांच्यापुरती काढून टाकली. पण विरोध एवढा होता की बदल्यात बरेच सोडावे लागले. असे लग्न करणारा मुलगा एकत्र कुटुंबातून वेगळा धरला जाई, त्याला दत्तक घेता येत नसे, आणि दुसरा मुलगा नसेल तर त्याच्या बापाला दत्तक घेण्याची मोकळीक मिळे. जणू मुलगा गेलाच! मला हे वाचून संताप आला होता. मग पुढचे कलम वाचले. त्या जोडप्याच्या मिळकतीला वारसाचा इंग्रजी वळणाचा कायदा लागू होई, आणि त्यात बायकोला व मुलीला वाटा होता. हिंदू विधवेला तेव्हा बहुधा पोटगीवर भागवावे लागे. ज्याला लोक शिक्षा समजत होते त्यातून बाईला लाभ झाला.

जे मिळेल ते पदरात घ्यायचे आणि राहिलेल्याचा दावा पुन्हा लावायचा, ही वकिलाची रीत गौरांनी विधिमंडळातही सोडली नाही. संमतिवयाचे पाहा. 1891 पासून ते बारा होते. विवाहित मुलीलाही तेच. 1924 साली गौरांनी ते चौदा करण्याचे विधेयक आणले आणि ते पडले. 1925 साली सरकारने स्वतःचे आणले, त्यात विवाहितेला तेरा मिळाले. 1927 साली गौर पुन्हा उभे. तेव्हा सरकारने 1928 साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या वऱ्हाडचे सर मोरोपंत जोशी, आणि सभासदांत रामेश्वरी नेहरू होत्या. 1929 साली शारदा कायदा होऊन मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरले, त्याची भूमिका या वादंगातूनच तयार झाली. हिंदू स्त्रीला ठराविक कारणांसाठी विवाहबंधनातून सुटका मिळावी हे त्यांचे विधेयक मात्र हरले. ती तरतूद 1955 साली झाली.

एवढे असून नागपुरात त्यांची आठवण फारशी का निघत नाही? मला वाटते, कारण राजकारणाचे आहे. डिसेंबर 1920 मध्ये येथेच काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि कोर्ट व कौन्सिलांवर बहिष्काराचा ठराव झाला. चालती वकिली सोडून कित्येकजण बाहेर पडले. गौर पडले नाहीत. ते विधिमंडळात गेले. पुढे 1925 साली सर झाले, आणि देशभर सायमन कमिशनला काळी निशाणे दाखवली जात असता कमिशनसोबतच्या हिंदी समितीत बसले. हे मला आवडत नाही, आणि चरित्र लिहायचे म्हणून झाकायचेही नाही. पण बहिष्कार घालून तेही घरी बसले असते तर 1923 सालचे ते दोन कायदे कोणी मांडले असते, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. वकिलीत मिळवलेला पैसा त्यांनी 1946 साली सागरला विद्यापीठ काढण्यास दिला. वीस लाख रुपये, त्या काळचे. तेथे आज त्यांचेच नाव आहे.

हिंदुस्थानचे अखेरचे अपील विलायतेस का जावे, आपले सर्वोच्च न्यायालय येथेच हवे, अशी मागणी त्यांनी 1921 साली विधिमंडळात केली होती. तीही तेव्हा फेटाळली गेली. घटना समितीत ते सभासद होते, म्हणून ते न्यायालय कागदावर उतरलेले त्यांना पाहता आले. 25 डिसेंबर 1949 रोजी ते वारले आणि 28 जानेवारी 1950 रोजी सर्वोच्च न्यायालय दिल्लीत सुरू झाले. त्या न्यायासनावर पहिली स्त्री बसायला आणखी एकोणचाळीस वर्षे लागली. त्या न्यायमूर्ती फातिमा बीवी, साल 1989.