एका पंगतीचे वसतिगृह

वसतिगृहात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या रात्री दोन प्रश्न हमखास पडतात. खोलीत सोबतीला कोण असेल आणि जेवायला कोणाच्या शेजारी बसायचे? आज हे प्रश्न किरकोळ वाटतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र त्यांची उत्तरे विद्यार्थ्याच्या जातीवरून आधीच ठरलेली असत. ही उत्तरे बदलण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण वसतिगृहात राहणाऱ्या प्रत्येकाने करावे असे आहे.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा हे महसूल खात्यात कारकून होते. इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. खेड्यातील मुलांची शहरात राहण्याची सोय व्हावी म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहांना उत्तेजन दिले होते. पुढे तर एकेका समाजाचे वेगळे वसतिगृह उभे राहिले. त्यामुळे बहुजनांची मुले प्रथमच शाळेच्या दाराशी पोचली, हे त्या वसतिगृहांचे मोठेच उपकार होत. पण छप्पर मिळाले तरी पंगती वेगळ्याच राहिल्या.

याच काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्याच्या उद्घाटनास गेले. परत आल्यावर, विटाळ झाला म्हणून स्नान करूनच आत यावे, असा आग्रह त्यांना करण्यात आला. त्यांनी तो साफ नाकारला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्याच्या डोक्यावरचे छप्पर तत्त्वासाठी गेले, तोच पुढे हजारो मुलांना छप्पर देणारा झाला, हा योगायोग खचित नव्हे!

भाऊरावांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोचले नाही. साताऱ्यात शिकवण्या करून ते पोट भरू लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे ओगले यांच्या काच कारखान्याचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. माल विकता विकता त्यांनी खेड्यातले दारिद्र्य पाहिले, शाळेबाहेर राहिलेली पोरे पाहिली. शाळा काढली तरी दूरच्या वाडीवरचे पोर तिथे येणार कसे, राहणार कुठे आणि खाणार काय? म्हणून त्यांच्या विचारात वसतिगृह आधी आले आणि शाळा मागाहून.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सारी मुले येथे एका छपराखाली राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला बसत. दळण, पाणी, झाडलोट, शेतीकाम या सर्वांत प्रत्येकाचा वाटा असे. श्रमात कोणी उच्च नाही आणि पंगतीत कोणी नीच नाही, हा धडा पुस्तक उघडण्यापूर्वीच मिळत असे. 1927 साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

परंतु या पंगतीचा खर्च कोणी सोसला? भाऊराव धान्य आणि देणग्यांसाठी गावे पालथी घालीत. मागे घर आणि मुले सांभाळीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले पोटच्या पोरांप्रमाणे जवळ केली. कोठीत दाणा उरला नाही की अंगावरचा एकेक दागिना मोडला जाई. अखेर एकदा मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या कार्याचा गौरव करताना लक्ष्मीबाईंचे नाव एका ओळीत उरकले जाते, हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

पुढे संस्थेचा वटवृक्ष विस्तारला. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि कमवा व शिका या मार्गाने गरीब मुलांना पदवीचे दार उघडले. 1959 साली शासनाने भाऊरावांना पद्मभूषण आणि पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही पदवी दिली. त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे देहावसान झाले. मॅट्रिकही न झालेल्या माणसाला विद्यापीठाने केलेला हा नमस्कार होता.

विद्यार्थी मित्रहो, आज कोणत्याही वसतिगृहात जातीवरून पंगत मांडण्याची कोणाची छाती नाही. तरीही खोलीसोबती निवडताना आपण आडनाव विचारतो, गाव विचारतो, आणि भोजनगृहात ओळखीच्याच टेबलाकडे वळतो. या वर्षी नव्याने येणारा एखादा मुलगा किंवा मुलगी ताट हातात घेऊन क्षणभर घुटमळेल. त्या वेळी शेजारी सरकून जागा करून देणे एवढे तरी आपल्या हाती आहे. भाऊरावांनी वसतिगृह काढले ते त्या जागेसाठीच.