सिद्धांत मागे पडला, माणूस नाही

गेल्या शिबिरात बिनतारी संचाच्या बॅटऱ्या वाहण्याचे काम माझ्याकडे होते. चढावर खांदे भरून आले. परतल्यावर रसायनशास्त्राच्या सरांनी फ्युएल सेलची, म्हणजे इंधनघटाची माहिती दिली. त्यात मिथेनॉलसारखे द्रव इंधन भरत राहिले की वीज मिळत राहते. अडचण असते ती उत्प्रेरकाची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या घटांवर संशोधन झाले आहे, हे कळल्यावर मी त्या संस्थेविषयी वाचू लागलो आणि मला सर ज्ञानचंद्र घोष यांचे चरित्र सापडले.

त्यांचा जन्म १८९४ साली पुरुलिया येथे झाला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते प्रफुल्लचंद्र राय यांचे विद्यार्थी. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे त्यांचे सहाध्यायी. मिठासारखे क्षार पाण्यात विरघळल्यावर वीज कशी वाहून नेतात, याचा सिद्धांत त्यांनी १९१८ मध्ये मांडला. ऐन तरुणपणी युरोपात त्यांचे नाव झाले. पण १९२३ मध्ये डिबाय आणि ह्यूकेल यांनी अधिक अचूक सिद्धांत दिला आणि घोषांचा सिद्धांत मागे पडला.

घोषांनी काम थांबवले नाही. ढाका विद्यापीठात ते शिकवत आणि संशोधन करत राहिले. १९३९ मध्ये ते बंगळूरच्या संस्थेचे संचालक झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, तेथे विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी सांभाळली. पुढे हवाई दलाच्या वैमानिकांनी ज्यावर प्रशिक्षण घेतले, ते एचटी-२ विमान घाटगे यांच्याच नेतृत्वाखाली तयार झाले.

स्वतः घोष उत्प्रेरकांच्या अभ्यासात गुंतले. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांपासून द्रव इंधन बनवण्यासाठी कोणता धातू उपयोगी, हा त्यांचा प्रश्न होता. गंमत अशी की, मिथेनॉलच्या घटात हाच कार्बन मोनॉक्साइड शत्रू ठरतो. तो प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि नव्या इंधनाला जागा उरत नाही. म्हणून प्लॅटिनमसोबत रुथेनियम वापरतात. त्याच्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन मिळून त्या वायूचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पृष्ठभाग मोकळा होतो. धातूला काय चिकटते आणि काय सुटते, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

१९५० मध्ये खडगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक म्हणून घोषांची नेमणूक झाली. इंग्रजांनी जेथे स्वातंत्र्यसैनिकांना डांबले होते, त्या हिजलीच्या छावणीत ही संस्था उभी राहिली. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

नेमबाजीच्या संघात निवड झाली नाही, तेव्हा मी आठवडाभर रेंजकडे फिरकलो नव्हतो. हे चरित्र वाचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावाला हजर होतो.