सार्जंट ऑल्व्हिन यॉर्क

अमेरिकेतील टेनेसी प्रांताच्या उत्तर सरहद्दीजवळ, वुल्फ नदीच्या खोऱ्यात, पॉल मॉल नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे १३ डिसेंबर १८८७ रोजी ऑल्व्हिन यॉर्क याचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो तिसरा. बाप शेती करी व लोहाराचा भाताही चालवी, तरी घरी नेहमी ओढाताणच असे. मुलांस शाळेऐवजी शेतात व शिकारीस जावे लागे. ऑल्व्हिनचे शिक्षण सगळे मिळून एक वर्षाचेही झाले नाही. बंदुकीचा नेम मात्र असा साधला की त्या डोंगरांत त्याच्या तोडीचे नेमबाज थोडे.

१९११ साली बाप वारला व घरचा भार त्याजवर पडला. काम तो चोख करी, परंतु रात्री सरहद्दीवरील गुत्त्यांत दारू, जुगार व मारामाऱ्या यांत घालवी. आपल्या खेड्यांतील पुष्कळ आयांस हे दुःख सांगावे लागत नाही. त्याची आई प्रार्थना करीत राहिली. १९१५ च्या आरंभी, गावात चाललेल्या जागृतीच्या सभांच्या वेळी, त्याने ते सर्व सोडून प्रभूस आपले जीवन दिले, आणि पुन्हा मागे फिरला नाही. तो मंडळीचा वडील झाला, शब्बाथशाळेत शिकवू लागला व गायनात पुढाकार घेऊ लागला.

त्याची मंडळी युद्धाच्या विरुद्ध होती. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली व सक्तीच्या भरतीचा कायदा झाला. गावचा पोस्टमास्तर हाच त्याचा पाळक, आणि भरतीची नोंद करण्याचे कामही त्याच्याकडेच! त्याच्या सांगण्यावरून यॉर्कने सूट मागितली. बायबलावाचून या मंडळीचा दुसरा लिखित मतांगीकार नाही, या कारणास्तव ती नाकारण्यात आली, व अपिलेही फेटाळली गेली.

जॉर्जिया प्रांतातील छावणीत तो ३२८ व्या पायदळ पलटणीत दाखल झाला. मनुष्यास ठार मारणे आपणास योग्य वाटत नाही, हे त्याने वरिष्ठांस उघड सांगितले. कॅप्टन डॅनफर्थ व मेजर बक्स्टन यांनी त्यास धमकी दिली नाही की त्याची थट्टा केली नाही. त्यांनी बायबल उघडून त्याजबरोबर विचार केला. लूक व योहान यांची शुभवर्तमाने काढली, यहेज्केलाच्या ग्रंथातील पहारेकऱ्याचा अध्यायही वाचला. मग त्यास घरी जाण्यास दहा दिवसांची रजा दिली. तो डोंगरावर एकटा प्रार्थनेत राहिला व मन शांत झाल्यावर परत आला. आपण जाणे ही देवाची इच्छा आहे अशी त्याची खात्री झाली होती. या निर्णयाविषयी ख्रिस्ती लोकांत एकमत नाही, व तसे होईलसेही दिसत नाही. परंतु तो त्याने सहज घेतला नाही, हे कोणीही मान्य करील.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्सातील आर्गॉनच्या रानात, शातेल-शेएरी गावाजवळ, त्याची पलटण जर्मन यंत्रतोफांच्या माऱ्यात सापडली. सतरा शिपाई वळसा घालून शत्रूच्या पिछाडीस गेले व काही जर्मन त्यांनी पकडले. इतक्यात टेकडीवरील तोफा त्यांजकडे वळल्या. सहा जण ठार व तीन जखमी झाले. जखमींत नायक सार्जंट अर्लीही होता. अधिकार कॉर्पोरल यॉर्ककडे आला. जो जो डोके वर काढी, त्यास तो टिपी, व मध्ये मध्ये शरण या म्हणून ओरडून सांगे. वीसांहून अधिक पडल्यावर जर्मन अधिकाऱ्याने हार कबूल केली. एकशे बत्तीस कैदी घेऊन ते आपल्या ठाण्यावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी यॉर्क त्या ठिकाणी परत गेला आणि तेथे पडलेल्यांसाठी, स्वकीय व शत्रू दोघांसाठीही, त्याने प्रार्थना केली.

त्यास सार्जंट करण्यात आले, व १९१९ साली मेडल ऑफ ऑनर हे त्या देशाचे सर्वश्रेष्ठ लष्करी पदक मिळाले. सोबत्यांपैकी काहींस मात्र आपली आठवण कोणी ठेवली नाही असे वाटले, व ते अगदी खोटेही नव्हते; सार्जंट अर्ली यास पदक मिळण्यास १९२९ साल उजाडले.

नाटके, जाहिराती यांतून पैसा देऊ करणारे पुष्कळ आले. आपल्या शिपाईगिरीचा व्यापार करावयाचा नाही म्हणून त्याने सर्वांस नकार दिला, व ७ जून १९१९ रोजी आपल्या शेजारची ग्रेसी विल्यम्स हिच्याशी लग्न केले. लोकांनी वर्गणी करून देऊ केलेल्या शेताचे पैसे पुरे जमले नाहीत, तेव्हा उलट कर्ज त्याच्याच माथी बसले. तरी आपणास न मिळालेली विद्या डोंगरातील मुलांस मिळावी म्हणून त्याने शाळा उभारली, व तिच्या मुलांची ने-आण चालावी म्हणून स्वतःचे शेत गहाण टाकले. १९३७ साली ती शाळा सरकारने चालविण्यास घेतली. आपल्या चरित्राचा चित्रपट काढू देण्यास तो पुष्कळ वर्षे तयार नव्हता. शेवटी बायबलशाळेस पैसा मिळेल म्हणून कबूल झाला, व १९४१ साली चित्रपट निघाला. त्या उत्पन्नावरील कराचा तगादा मात्र त्याच्यामागे कैक वर्षे राहिला. १९६१ साली लोकांच्या देणग्यांतून तो मिटला.

१९५४ साली त्यास पक्षाघाताचा झटका आला, व पुढील वर्षे त्याने अंथरुणावर काढली. २ सप्टेंबर १९६४ रोजी नॅशव्हिल येथील शिपायांच्या इस्पितळात त्याने देह ठेवला. पॉल मॉल येथेच, वुल्फ नदीजवळच्या दफनभूमीत, त्यास पुरले आहे.